नाक नसलेली होडी, सदतीस हजारांत

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "ताई, ती तुमची चौकोनी होडी कुठनं घेतली?" घेतली नाही, बनवून घेतली. आणि त्याच्या आधी एक घेतली होती, तिने आम्हाला खाडीत पाडलं. दोन्ही गोष्टी एकदा नीट लिहून टाकते म्हणजे प्रत्येकाला फोनवर सांगायला नको.

आधी थोडं आमच्याबद्दल. माझं माहेर सांगलीकडचं, सासर मालवण तालुक्यात खाडीकाठी. आम्ही सात बायकांचा गट आहे, खाडीत कालवं (ऑयस्टर) करतो. म्हणजे बांबूची मांडवळ आणि त्याला टांगलेल्या दोऱ्या, दोऱ्यांवर कालवांची वाढ. शिवाय दोन तरंगते पिंजरे, त्यात जिताडा मासा. घरापासून मांडवळीपर्यंत पाण्यातनं अंतर फार नाही, पाऊण किलोमीटर असेल, पण तिथे रोज कोणीतरी जायलाच लागतं. माशांना खाणं टाकायचं, जाळी घासायची, दोऱ्या उचलून बघायच्या, कधी खेकडे घुसलेले असतात ते काढायचे. पहिली दोन वर्षं आम्ही शेजारच्यांची होडी मागून न्यायचो. आता मागितलेल्या होडीचं काय असतं, जेव्हा आपल्याला भरती पाहिजे तेव्हा मालकालाही भरतीच पाहिजे असते. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, शेजारी काय आपल्यासाठी सरकत नाही.

म्हणून ठरवलं, स्वतःची घ्यायची. बजेट चाळीस हजार. गटाच्या पैशातले, त्यामुळे एक रुपया वर नाही.

पहिली चूक माझीच. एकाकडे जुनी फायबरची होडी विकायला होती, १४ फूट लांब, दिसायला इतकी देखणी की बस्स. लांब नाक, निळा रंग, बाजूला पांढरी पट्टी. बावीस हजारात सौदा झाला. घेताना मी काय बघितलं? लांबी बघितली, तडे बघितले, रंग बघितला. पाण्यात टाकून बघितली का? बघितली, मी आणि नवरा दोघं मधोमध शहाण्यासारखे बसून एक चक्कर मारून आलो. काय मस्त चालते म्हणालो. अहो पण आम्हाला चक्कर थोडीच मारायची होती!

तिसऱ्या दिवशी मी आणि गटातली एक ताई कामाला गेलो. कालवांची दोरी पाण्यात असते तोपर्यंत हलकी लागते कारण पाणी तिला धरून असतं, पण पाण्याच्या वर आली की सगळं वजन एकदम हातात येतं, आणि हात होडीच्या कडेबाहेर असतात. मी एक दोरी ओढली, ताई मदतीला त्याच बाजूला सरकली, आणि ती देखणी बाई कुस बदलावी तशी वळली. छातीभर पाणी होतं म्हणून निभावलं. दोन क्रेट गेले, माझा फोन गेला, ताईंच्या पायाला कालवांच्या धारेने कापलं. वर ओहोटी लागलेली, म्हणजे ती होडी चिखलातनं ओढत काठाला आणायची, वजन एकशेदहा किलो. त्या दिवशी चौघीजणी लागलो आणि तरी अर्धा तास गेला. पुढच्या महिन्यात पंधरा हजाराला विकली. विकत घेणाऱ्याला सगळं सांगून विकली, तो गरी टाकून बसणारा माणूस आहे, मधोमध बसतो, त्याला ती बरोबर आहे.

त्या रात्री मी वही काढली. लग्नाआधी मी सांगलीत फिजिक्सचे क्लास घ्यायचे, तेव्हा प्लवन, गुरुत्वमध्य, हे सगळं फळ्यावर शेकडो वेळा लिहिलंय, पण होडी घेताना एकदाही आठवलं नाही म्हणजे बघा.

गोष्ट अशी आहे. होडी कलंडायला जो विरोध करते तो पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो, लांबीच्या नुसत्या पटीत. म्हणजे होडी दुप्पट लांब केली तर स्थिरता दुप्पट, पण दुप्पट रुंद केली तर आठपट. ३ फुटांची ४ फूट रुंद केली की सव्वादोन पटीच्या वर. आमची १४ फुटी होडी पाण्याच्या रेषेवर अडीच फूट रुंद होती. तिच्या जागी पाण्यात ९ फूटच लांब पण ४ फूट रुंद असा चौकोनी खोका धरला तर? १४ गुणिले अडीचचा घन म्हणजे २१९ आणि ९ गुणिले ४ चा घन म्हणजे ५७६. पाच फूट आखूड असून अडीच पटीहून जास्त. आणि आमची ती होडी टोकांना निमुळती आणि खालून गोल होती त्यामुळे खरा फरक याच्याहूनही मोठा. मी दोनदा आकडेमोड केली. मग झोप नाही लागली.

आणि तेव्हा मला काहील आठवली. आमच्याकडे गुऱ्हाळात गूळ कढवायची ती भलीमोठी चपटी कढई, पूर आला की तीच पाण्यात टाकून माणसं ने-आण करायचे. लहानपणी मी बसलेय तिच्यात, आजोबांबरोबर. गोल गोल फिरते, सरळ जायचं नाव नाही, पण उभं राहिलं तरी डगमगत नाही कारण नुसती रुंदीच रुंदी. अर्थात कितीही रुंद असली तरी जादा माणसं बसवली तर कसलीच बोट तारत नाही, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे वहीत दुसऱ्या पानावर लिहिलं, वजनाचा हिशोब आधी.

तो हिशोब सोपा आहे, कोणीही करा. चपट्या बुडाची होडी असेल तर पाण्याला टेकणाऱ्या बुडाची लांबी गुणिले रुंदी, फुटात. आमचं ९ गुणिले ४ म्हणजे ३६ चौरस फूट. होडी एक इंच खाली बसली की ३ घनफूट पाणी बाजूला सरतं, म्हणजे साधारण ८५ लिटर, म्हणजे ८५ किलो, खाऱ्या पाण्यात किंचित जास्त. आता होडीचं स्वतःचं वजन ६०, आम्ही दोघी १२०, कालवं १००, वल्ही नांगर बादल्या १० किलो. झाले २९०. भागिले ८५, साडेतीन इंच. होडीची बाजू १६ इंच उंच ठेवली तर बारा इंच कोरडी शिल्लक राहते. एवढी शिल्लक मला पाहिजेच होती कारण दुपारनंतर खाडीत वायव्येचं वारं सुटतं आणि पाणी उड्या मारायला लागतं.

हे सगळं मी सासऱ्यांना दाखवायला गेले. बाबांचं आयुष्य रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरनं मोठं जाळं ओढून मासे धरण्यात गेलंय, आता गुडघे गेलेत म्हणून घरी असतात. त्यांनी वहीकडे बघितलं पण नाही. म्हणाले, "उभ्यान काम करतलंस काय बसान, ता आदी सांग." मी म्हटलं, कधी उभं, कधी गुडघ्यावर. "मगे खयच्या बाजूक?" आणि तिथेच मी अडकले. खरंच, कुठल्या बाजूला? आम्ही नेहमी होडी मांडवळीला आडवी लावून कडेवरनं ओढत होतो. बाबांचं म्हणणं, ओढायचं ते टोकाकडनं ओढ, आडव्या बाजूनं नाही. होडी आडवी पटकन कलंडते, उभी कलंडत नाही. (हे पण माझ्या वहीतच होतं खरं तर, लांबी-रुंदीची अदलाबदल केली की तेच सूत्र, पण मला सुचलं नव्हतं.) पण टोकाकडनं ओढायचं तर टोकाला उभं राहायला जागा पाहिजे, आणि नाकवाल्या होडीत टोकाला जागा कुठे असते, पाऊलसुद्धा मावत नाही.

म्हणजे मग नाकच नको. पुढची बाजू पण चौकोनी, थोडी वर उचललेली.

बाबांना हे अजिबात पटलं नाही बरं का. म्हणाले, "होडयेक नाक व्हया. ही होडी न्हय गो, ही काथवट आसा." काथवट म्हणजे लाकडी परात. त्यांची सूचना होती उलांडीची होडी. आणि ती वाईट सूचना नव्हती. बारीक होडी, बाजूला दोन दांडे आणि त्यांच्या टोकाला तरंगतं लाकूड, ते लाकूड लांब असल्यामुळे थोड्याशा वजनात होडीला धरून ठेवतं. पिढ्यानपिढ्या चाललेली गोष्ट आहे. पण आमचं काम मांडवळीच्या दोऱ्यांमध्ये आणि कांदळवनाच्या मुळांमध्ये, तिथे ती उलांडी प्रत्येक ठिकाणी अडकणार. आणि टेम्पोत घालायची तर सोडून परत बांधायची. ते राहिलं.

टेम्पोत का घालायची, तर तीन कारणं. एक, आमची दुसरी जागा बारा किलोमीटरवर दुसऱ्या खाडीत आहे, तिथे महिन्यातनं दोनदा जायचं असतं. दोन, पावसाळ्यात होडी घरी आणून मांगरात (खोपीत) ठेवायची. तीन, लाकडाची होडी खाऱ्या पाण्यात बारा महिने ठेवली की लाकूड पोखरणारे किडे तिची चाळण करतात. रोज नाही तरी दर दोन-चार दिवसांनी वर काढून वाळवली तर हा त्रास जवळजवळ नाहीच. त्यामुळे हलकेपणा ही आमच्यासाठी चैन नव्हती. आमच्याकडे छोटा हत्तीवाला ठरलेला आहे, त्याचा हौदा सव्वासात फूट लांब आणि पाच फुटाला थोडा कमी रुंद. म्हणून होडी वरच्या कडेला साडेचार फुटांच्या वर जाऊ द्यायची नाही आणि १० फुटांपेक्षा लांब नाही, म्हणजे फळका पाडून तीन फूट बाहेर राहिली तरी बांधता येते.

मग बाजारातले पर्याय बघितले, पटापट सांगते.

हवा भरायची रबरी बोट, म्हणजे पीव्हीसीची. हलकी, स्थिर, पिशवीत मावते. पण कालवांची धार ब्लेडसारखी असते. विषय संपला.

ॲल्युमिनियमची चपटी बोट. मनापासून आवडली होती. हलकी, कुजत नाही. पण समुद्राच्या पाण्याला चालणारा ग्रेड पाहिजे, तो वेल्डिंग करणारा माणूस आमच्या आसपास मिळाला नाही, आणि साधा लोखंडी नटबोल्ट लावला की खाऱ्या पाण्यात बोल्टच्या भोवतीचं ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. आणि भाव बजेटच्या दुप्पट.

निळ्या पिंपांचा तराफा. हा पर्याय सगळ्यांना सुचतो आणि स्वस्तही आहे. २०० लिटरचं एक पिंप बंद केलं तर १९० किलो सहज उचलतं, चार पिंपांवर लग्नाचा मांडव होईल. पण तराफा वल्हवून बघा कधी. ओहोटीच्या ओढीत आम्ही वल्हवतोय पुढे आणि तराफा चाललाय मागे. एका जागी बांधून ठेवायला उत्तम, आमचा पिंजरा त्याच्यावरच आहे, पण ती होडी नाही.

नवीन फायबरची चपटी होडी. हा खरा स्पर्धक होता. कारखान्यात साचा असेल तर ते लगेच काढून देतात, देखभाल कमी, तडा गेला तर कोणीही दुरुस्त करतो. दोन गोष्टी नडल्या. एक तर आमच्या मापाचा साचा कोणाकडे नव्हता, सगळे साचे नाकवाले आणि अरुंद. दुसरं वजन, कारण स्वस्तात द्यायचं म्हणजे स्वस्त मॅटचे थरावर थर आणि रेझिन ओतायचं, त्याने होडी मजबूत होते की नाही माहीत नाही पण जड नक्की होते. फायबर घेणार असाल तर काटा घेऊन जा, म्हणजे खरंच वजनकाटा. "हलकी आहे हो ताई, दोन माणसं उचलतात" असं प्रत्येकजण सांगतो. कुठली दोन माणसं ते सांगत नाही. पोर्टेबल हा शब्द मला तेव्हापासून संशयास्पद वाटतो. आमच्या गटात सगळ्यात लहान बाई चौतीस वर्षांची आणि सगळ्यात मोठी एकसष्टची, आमच्या दोन माणसांनी उचलायची तर ६० किलो ही हद्द आहे, तीही एकेका टोकाला, आणि दहा पावलांपुरती.

शेवटी उरलं मरीन प्लायवुड. प्लायच्या पट्ट्या कापायच्या, कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या, सांध्यावर फायबरची पट्टी आणि इपॉक्सी नावाचा पक्का गोंद, मग तार काढून टाकायची. ही पद्धत काही नवी नाही. इंग्लंडमध्ये १९६३ च्या सुमारास एका वर्तमानपत्राने मिरर नावाची पावणेअकरा फुटी शिडाची होडी अशीच बाजारात आणली, घरच्या घरी जोडायची, आणि तशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. म्हणजे सुतार नसलेल्या लोकांनीही केल्यात. आमच्याकडे निदान सुतार होता.

तो सुतार दारं-खिडक्या करणारा. त्याला मी पुठ्ठ्याचं मॉडेल करून दाखवलं, फूट म्हणजे इंच या मापाने, सेलोटेपने जोडून. तो म्हणाला "वहिनी, होडी शिवायची? गोधडीसारखी?" आणि हसत सुटला. आणि ओटीवर बसलेले बाबा, जे आठ दिवस माझ्याशी काथवटीवरनं बोलत नव्हते, ते एकदम म्हणाले, "शिवलेली? मगे ता आदी सांगूचा ना! आमची रापणीची होडी शिवलेलीच होती." काथ्याने शिवलेली, एक खिळा नाही. मग काय, दुसऱ्या दिवसापासून बाबा खुर्ची घेऊन सुताराच्या डोक्यावर.

प्लायबद्दल एक महत्त्वाचं, इथे पैसे वाचवायला जाऊ नका. मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो. घरातल्या फर्निचरचं जे वॉटरप्रूफ म्हणून विकतात ते आयएस ३०३, ते वेगळं. पण नुसता शिक्का बघून पण घेऊ नका. मी तीन दुकानांतनं हातभर तुकडे आणले आणि आमच्या न्हाणीतल्या चुलीवर पाण्याच्या हंड्यात उकळत टाकले. आयएस ७१० च्या चाचणीत ७२ तास उकळतात, आमच्याकडे एवढी लाकडं नाहीत, पण रोज सकाळ-संध्याकाळ आंघोळीच्या पाण्याबरोबर उकळले, चार दिवस. सासूबाई म्हणाल्या आता आमटीत पण टाक. एका दुकानाचा तुकडा दुसऱ्याच दिवशी वर्ख सुटावेत तसा सुटला, आणि शिक्का त्याच्यावर होता बरं. बाकी दोन टिकले, त्यातलं स्वस्त घेतलं.

आता माप लिहून ठेवा. बूड ९ मिलीचं, ४ फूट रुंद कारण प्लायचा ताव ४ फुटीच येतो, कापायला नको. लांबीला ताव ८ फूट असतो म्हणून २ फुटांचा तुकडा जोडला, आतनं जोडपट्टी लावून (त्यातला वर उचललेला भाग पाण्याला टेकत नाही, म्हणून हिशोबात ९ फूट). बाजू ६ मिलीच्या, १६ इंच उंच, वर जाताना किंचित बाहेर कललेल्या. पुढची-मागची बाजू १२ मिलीची. कडेला सागवानी पट्टी, कारण होडी उचलताना हात तिथेच जातो. बुडाला बाहेरनं फायबरचं कापड आणि इपॉक्सी. पॉलिस्टर रेझिन निम्म्या भावात मिळतं पण ते लाकडाला धरत नाही तितकं, काही वर्षांनी सालासारखं निघतं. बुडाखाली लांबीला दोन लाकडी पट्ट्या, आणि मागे मधोमध खाली एक उभी फळी, वीतभर. या फळीशिवाय चपटी होडी वाऱ्यात बाजूला घसरत जाते, काहिलीसारखी.

त्या दोन पट्ट्यांवर मी फार खूश आहे. आम्ही आधी होडीला चाकं लावायचं बघत होतो, जुन्या हातगाडीची. चिखलात चाक रुततं. चपटं बूड मात्र चिखलावर घसरतं, दोन पट्ट्यांवर तर साबण लावल्यासारखं. ओहोटीला आता दोघी जणी दोरीने ओढून आणतो, एकशेदहा किलोच्या वेळचा अर्धा तास आणि आताची पाच मिनिटं.

खर्च सांगते. ९ मिलीचे दोन ताव ६४००, ६ मिलीचे दोन ४५००, १२ मिलीचा एक ३८००. इपॉक्सी ७०००, फायबरचं कापड २३००, सागवानाच्या पट्ट्या ३०००, रंग २५००, तार स्क्रू हातमोजे ब्रश वगैरे १५००, सुताराची सहा दिवसांची मजुरी ६०००. एकूण ३७०००, पहिल्या होडीत गेलेले सात हजार सोडून. उरलेल्या तीन हजारांची लाइफ जॅकेटं घेतली आणि खरं सांगते, ती आधी घ्यायला पाहिजे होती, होडी नंतर. गटातल्या तिघींना पोहता येत नाही. पहिल्या होडीच्या वेळी आम्ही काय विचार करत होतो कोण जाणे.

बुडण्याचा विषय निघालाच आहे तर, होडी पाण्याने पूर्ण भरली तर ती तरंगली पाहिजे. लाकूड तरंगतं, पण इपॉक्सी, नांगर, सामान, आणि धरून लटकलेल्या दोघी यांच्यासाठी वेगळी सोय लागते. थर्माकोल मिळतो, पण आम्ही कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या, झाकणं घट्ट करून, तीस बाटल्या, म्हणजे साठ किलोचा उचल, फुकट. लग्नाच्या हॉलवाल्याकडनं गोळा केल्या. त्या फळीखाली आणि बाजूंना वरच्या कडेजवळ जाळीत घट्ट बांधायच्या, बुडाला नाही. बुडाला बांधल्या तर भरलेली होडी पालथी होते, कारण तरंगणारी वस्तू वरच यायला बघणार. आणि हे खरं की नाही ते आम्ही कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम बुडवून बघितलं. अख्खा वाडा बघायला आला होता.

तुम्ही दुसऱ्याकडनं होडी घेत असाल तर हेच करा, मालक कितीही नाराज झाला तरी. दोघांनी एकाच कडेला उभं राहायचं आणि पाणी आणि कड यांच्यात किती बोटं उरतात ते मोजायचं. मग आत चार बादल्या पाणी ओतून परत डुलवायचं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण होडीतलं पाणी होडी कलली की त्याच बाजूला पळतं आणि तिला अजून कलवतं, कोरडी असताना शहाणी वाटणारी होडी तेव्हा खरं रूप दाखवते. आमच्या पहिल्या होडीत त्या दिवशी घोट्याएवढं पाणी होतं. मला ते तेव्हा किरकोळ वाटलं होतं.

इंजिनाचं बऱ्याच जणांनी विचारलं. आम्ही लावलेलं नाही. एवढ्या होडीला दोन-अडीच अश्वशक्तीचं पुष्कळ होतं, कारण नऊ-दहा फुटांची होडी पाणी कापत ताशी सात-साडेसात किलोमीटरच्या वर जातच नाही, मोठं इंजिन लावलं तर नुसतं तोंड वर करून डिझेल-पेट्रोल पिते. आणि इंजिन लावलं की नोंदणीचा विषय येतो, २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यापासनं पुढे सगळं, तर आधी बंदर खात्यात आणि मत्स्यव्यवसायवाल्यांकडे विचारून घ्या. आमच्यातल्या एकीने बॅटरीची मोटर सुचवली होती. पूर्ण जोरात ती ५० अँपिअर ओढते, १०० एएचची (अँपिअर-तासांची) साधी बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे चालणार एक तास, आणि बॅटरीचं वजन तीस किलो. ती म्हणाली घरच्या इन्व्हर्टरची लावू. ती उचलून दाखव म्हटलं, परत विषय निघाला नाही. पाऊण किलोमीटरला दोन वल्ही आणि उथळात टोचायला एक बांबू, बास.

दोष पण सांगायला पाहिजेत. लाटेत ही होडी थपाथप आपटते, दात वाजतात. खाडीच्या तोंडाशी जिथे वाळूचा पट्टा आहे आणि लाटा फुटतात तिथे आम्ही ही नेत नाही, न्यायचीही नाही, चपटी होडी लाटेच्या उताराबरोबर स्वतःही तिरकी होते आणि रुंदीचा सगळा फायदा तिथे उलटा फिरतो. वाऱ्याविरुद्ध वल्हवणं म्हणजे दार वल्हवण्यासारखं. बसायची फळी मी मधोमध पक्की केली ती चूक झाली, क्रेट सरकवताना आडवी येते, पुढच्या होडीत काढता येणारी करणार. आणि १२ मिलीच्या बाजू उगाच जाड झाल्या, ९ मिली चालली असती, दीड-दोन किलो वाचले असते. सुतार म्हणतो नाही, मी म्हणते हो, त्यावर आमचं अजून चालू आहे.

वजन शेवटी ६२ किलो भरलं. रेशनच्या दुकानातल्या काट्यावर, एकदा एक टोक आणि मग दुसरं टोक ठेवून बेरीज करून.

दुसऱ्या खाडीवरच्या गटाला पण अशीच पाहिजे आहे, दिवाळीनंतर करू असं ठरलंय. पुठ्ठ्याचं मॉडेल मी सुताराला देऊन टाकलं, ते त्याच्या पोराने कुठेतरी ओढ्यात सोडलं असं कळतंय, तर परत करायला लागेल. आमची सध्या मांगरात पालथी पडली आहे, पाऊस आहे ना. बूड घासून रंगाचा एक हात द्यायचा होता या महिन्यात, पण खाली कोंबडी खुडूक बसलीय अकरा अंड्यांवर आणि बाबा होडीला हात लावू देत नाहीत.